संगीत-संशोधनाचे अध्यापन आणि डिजिटल ध्वनिमुद्रणे

हिंदुस्थानी संगीतातील संशोधनाच्या अध्यापनाचा विचार करताना एक विसंगती प्रकर्षाने जाणवते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमावलीने पीएच.डी.साठी कोर्सवर्क अनिवार्य केले. तथापि संशोधन पद्धती या विषयात बहुधा गृहीतक, नमुना निवड, प्रश्नावली ही सामाजिक शास्त्रांची साधनेच शिकवली जातात. ध्वनिमुद्रण हा पुरावा कसा पारखावा, हे विद्यार्थ्याच्या कानावर क्वचितच पडते.

वस्तुतः आज सामग्रीची टंचाई नाही. गौहरजान यांनी १९०२ मध्ये कोलकात्यात दिलेल्या ध्वनिमुद्रणांपैकी काही घरबसल्या ऐकता येतात. पूर्वी अशा तबकडीसाठी संग्राहकांचे उंबरठे झिजवावे लागत. परंतु तबकडीबरोबर तिचे लेबल आणि क्रमांकही हाती येई. इंटरनेटवर अनेकदा हाती येते ते केवळ गाणे. रागाचे नाव, वर्ष, साथीदार हे सारे ते चढवणाऱ्याच्या भरवशावर!

यातून उद्भवणारा दोष किरकोळ नाही. आरंभीच्या तबकड्या मिनिटाला नेमक्या ७८ फेऱ्यांनीच मुद्रित होत असे नाही. ७४ फेऱ्यांना मुद्रित झालेली तबकडी ७८ ला वाजवल्यास पट्टी सुमारे अर्ध्या स्वराने चढते, लयही वाढते. काळी एकमध्ये गाणारा गायक मग पांढरी दोनमध्ये गात होता, असे 'सिद्ध' होते. त्याला संगणकाने काढलेल्या आलेखाची जोड मिळाली की निष्कर्षावर शास्त्रीयतेचा मुलामा चढतो. आलेख अचूकच असतो. ज्या ध्वनीचा तो काढला, तोच मुळात सरकलेला असतो.

लिखित साधनांचीही तीच गत. भातखंडे स्वरलिपीत कोमल स्वराखाली आडवी रेघ असते, तीव्र मध्यमावर उभी. टंकलेखनात या रेघा गळाल्या की कोमल व शुद्ध ऋषभ एकच होतात. अशा वेळी मूळ पान पाहण्याची सवय विद्यार्थ्यास कोणी लावायची? मार्गदर्शकच उतरवून घेतलेल्या मजकुरावर विसंबत असेल, तर प्रश्नच मिटला.

यासाठी महागड्या प्रयोगशाळेची गरज नाही. एकच जुनी तबकडी सत्रभर अभ्यासाला घ्यावी. तिची उपलब्ध रूपे शेजारी ठेवून ऐकावीत, कंपनीच्या जुन्या सूचीशी ताडून पाहावीत. वेग वाढल्याने बारीक झालेला आवाज बरीच वर्षे तालीम घेतलेल्या विद्यार्थ्याला आलेखाआधीच खटकतो. मात्र संशोधनाच्या वर्गात त्या कानाला आज कोणी काही विचारतच नाही.