प्रतिज्ञा, भूमिका आणि व्यसनमुक्ती

‘आजपासून दारू सोडली’ हे मराठी वाक्य व्याकरणदृष्ट्या विलक्षण आहे. जी क्रिया अद्याप घडावयाची आहे, ती वक्ता भूतकाळी रूपात सांगून मोकळा होतो. ‘हा निघालो’ म्हणून उंबरठ्याच्या आतच उभ्या असलेल्या माणसाचे वाक्य ह्याच जातीचे. परंतु तेथे प्रश्न दोन घटकांचा असतो, येथे आयुष्याचा. व्यसनी माणसाच्या घरात हे वाक्य इतक्या वेळा उच्चारले गेलेले असते की, शब्द आणि कृती यांमधील सांधाच निखळतो. व्यसनमुक्तीच्या कार्यात नाट्याभिनयाचे जे साहाय्य घेतले जाते, त्याचा विचार ह्या निखळलेल्या सांध्यापासून करणे इष्ट होय. एरवी ‘मन मोकळे होते’ अशा ढोबळ शब्दांवरच समाधान मानले जाते.

जे. एल. ऑस्टिन ह्यांची मरणोत्तर, १९६२ साली, प्रसिद्ध झालेली व्याख्याने ह्या संदर्भात उपयोगी आहेत. वचन देणे, शपथ घेणे ह्या उक्ती म्हणजेच कृती होत, हा त्यांचा सिद्धान्त. मात्र रंगभूमीवर नटाने उच्चारलेली तशी उक्ती पोकळ ठरते, म्हणून त्यांनी ती विवेचनातून वगळली. व्यसनमुक्तीच्या दृष्टीने मोल आहे ते नेमके ह्या पोकळपणाला. व्यसनी माणसाची घरातील प्रतिज्ञाही पोकळ ठरलेली असते, पण ते उघड बोलण्याची सोय नसते. रंगमंचावर ती सर्वांच्या संमतीने पोकळ असते. ती कोणाला बांधत नाही, म्हणूनच उलटसुलट करून पाहता येते.

गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’ ह्या नाटकाची समीक्षा ह्या बाजूने फारशी झालेली दिसत नाही. लेखकाच्या निधनानंतर १९१९ साली गंधर्व नाटक मंडळीने रंगभूमीवर आणलेले हे नाटक मद्यपाननिषेधाचे नाटक म्हणून वाचले गेले. परंतु त्यातील मर्मभेदी भाग पहिल्या प्याल्याचा नव्हे, पुन्हा घेतलेल्या प्याल्याचा आहे. दारू सोडण्याचा निश्चय करून सुधाकर काम मागण्यास जातो. प्रतिष्ठित मंडळी त्याची अवहेलना करतात, आणि तो पुन्हा प्याल्याकडे वळतो. त्याचे पतन केवळ तृष्णेमुळे होत नाही. त्याचा शब्द घेण्यास कोणी उरलेले नसते, हेही त्याचे कारण आहे. एवढे अचूक पाहिल्यावरही गडकऱ्यांनी शेवट विषप्राशनावर आणला. शोकात्मिकेला तो आवश्यक असेल; परंतु सावरू पाहणाऱ्या माणसाला सुधाकराची भूमिका मृत्यूवाचून दुसरी वाट देत नाही.

१९३५ साली अमेरिकेत सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसने आजन्म प्रतिज्ञेची अपेक्षाच ठेवली नाही. आजच्या दिवसापुरते न पिणे, एवढेच मागितले. ‘आज प्यालो नाही’ ह्या वाक्यातील भूतकाळ खरोखर भूतकाळ असतो. मात्र सभेतील ‘मी’ हा बोलणाऱ्याचा स्वतःचाच ‘मी’ राहतो. तो बदलण्याची मुभा दिली ती जेकब मोरेनो (१८८९–१९७४) ह्यांच्या मनोनाट्याने. भूमिकांची अदलाबदल हे त्याचे प्रमुख साधन: पती पत्नीच्या जागी उभा राहतो, आणि आजवर ज्याला ‘तुम्ही’ म्हटले गेले, तोच ‘तुम्ही’ म्हणू लागतो. सर्वनाम फिरते, तशी दृष्टी फिरण्यास निदान जागा होते.

ही जागा प्रत्येक प्रयोगात राहतेच असे नाही. १९६८ साली न्यूयॉर्कमध्ये डेटॉप व्हिलेज ह्या संस्थेतील पूर्वव्यसनींनी ‘द कन्सेप्ट’ हे नाटक सादर केले; त्यात त्यांचे स्वतःचेच संस्थाजीवन होते. अशा प्रयोगांची सच्चाई वादातीत असली, तरी प्रेक्षक तेथे भूमिका पाहत नाही, पुरावा पाहतो. आणि नटाला रोज रात्री आपल्याच भूतकाळात परत जावे लागते. टाळ्या मिळतात त्याही त्या भूतकाळाला.

‘एकच प्याला’मधील प्रवेश अशा कार्यासाठी निवडावयाचे झाल्यास व्यसनातून बाहेर पडणाऱ्याला सुधाकर देऊ नये. त्याला काम नाकारणारा प्रतिष्ठित गृहस्थ द्यावा. किंवा त्याहून अवघड अशी, मरणोन्मुख सिंधू. पतीला वाचविण्यासाठी पोलिसांपुढे आपण स्वतःच पडलो असे ती सांगते. हे खोटे विधान व्यसनी माणसाच्या घरात निराळ्या शब्दांत, शेजाऱ्यांना आणि कचेरीला, कितीदा तरी दिले गेलेले असते. ते त्याने एकदा आपल्या तोंडाने उच्चारावे, आणि समोर सुधाकर म्हणून दुसऱ्या कोणी उभे राहावे.