कुसू आणि स्क्रू

विजेच्या गिटारची चर्चा निघाली, की जाणकार मंडळी तिच्या सांध्यापाशी येऊन थांबतात. दांडी धडाला जोडावयाच्या रीती मुख्यतः दोन. एकीत दांडीच्या टोकाला कुसू काढून ते धडाच्या खाचेत सरसाने कायमचे बसवितात. दुसरीत दांडी खाचेत ठेवून मागून स्क्रू पिळतात. पहिली खानदानी आणि दुसरी कारखानी, असा निवाडा ठरून गेला आहे. चिकटविलेले वाद्य एकजीव होते, म्हणून त्याचा नाद अधिक टिकतो, हे त्यामागील प्रमेय. ते तपासले पाहिजे. कारण 'एकजीव' हा शब्द आपल्या वाङ्मयसमीक्षेचाही मोठा लाडका आहे.

लिओ फेंडर हा मूळचा रेडिओ दुरुस्त करणारा गृहस्थ. १९५० साली त्याने कॅलिफोर्नियात जी भरीव धडाची गिटार काढली, ती पुढे टेलिकास्टर म्हणून गाजली. तिची दांडी चार स्क्रूंनी बसविलेली. बिघडली तर काढावी, दुसरी लावावी. जुन्या पेढीच्या गिब्सनने १९५२ साली लेस पॉल गिटार आणली, ती मात्र दांडी चिकटविण्याची आपली परंपरा सांभाळून.

दोघींच्या आवाजांत फरक आहे, हे उघड आहे. पण तो सांध्याचाच कशावरून? फेंडरच्या तारेची वाजती लांबी साडेपंचवीस इंच, गिब्सनची सुमारे पाऊण इंच कमी. लाकडे निराळी. गिब्सनने १९५७ पासून दुहेरी गुंडाळीचे पिकअप बसविले, फेंडरचे एकेरी. चार गोष्टी बदललेल्या असताना एकीलाच श्रेय देणे, हे नायकाच्या यशाचे श्रेय त्याच्या पागोट्याला देण्यासारखे आहे.

चिकटविलेल्या सांध्याचे गुण नाकारावयाचे नाहीत. तेथील लाकूड अधिक तासता येते, आणि हात वरच्या सुरांपर्यंत सहज पोचतो. पण दांडीचा कोन बिघडला, की वाफेने वा उष्णतेने सरस सोडविणारा निष्णात कारागीर हुडकावा लागतो. स्क्रूच्या दांडीखाली एक पातळ पाचर सारली, की काम भागते. उलट, १९७१ च्या सुमारास फेंडरने स्ट्रॅटोकास्टरचे चार स्क्रू तिनावर आणले, तेव्हा दांडी हलते अशा तक्रारी आल्या. दोष रीतीचा नव्हता, सैल बसणीचा होता.

आपल्या मिरजेचा तंबोराही सरसानेच जुळतो. भोपळा, गळा, दांडी हे निरनिराळे अवयव कारागीर असे बसवितो, की सांधा शोधावा लागतो. त्या सितार-तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ते उचितच झाले. पण तेथे भोपळ्याची पोकळी नाद वाढविते. विजेच्या गिटारमध्ये तारेचे कंपन पिकअप उचलतो. एकाचा नियम दुसऱ्यास लावणे बरे नव्हे.

आमच्या मंगरूळपीरकडच्या काळ्या रानात वखराची पास झिजली, की शेतकरी ती बदलतो. वखर मात्र तोच राहतो. त्याचे एकजीवपण लोखंड-लाकडाच्या चिकटण्यात नसून कामात आहे. कादंबरीचेही असेच नाही काय? मर्ढेकरांनी 'सौंदर्य आणि साहित्य' या ग्रंथात संवादाबरोबर विरोध आणि समतोल यांनाही लयीचे तत्त्व मानले. तरीही कथेत सांधा दिसला, की आम्ही तिला कृत्रिम ठरवून मोकळे होतो. लेखकाने प्रकरण उघड जोडले असेल, तर विचारावयाचे ते एवढेच, की ते घट्ट बसले आहे की नाही.

आणि जेथे तंतुवाद्याचा कारागीर हाताशी नाही, अशा तालुक्याच्या गावी एखाद्या मुलाने स्क्रूची स्वस्त गिटार घेतली, तर तिला हिणकस म्हणण्याआधी ती वाजू द्यावी. ती बिघडली, तर तो एका पेचकसाने पुन्हा उभी करील. हाही वाद्याचा गुणच आहे, आणि तो किमतीच्या चिठ्ठीवर लिहिलेला नसतो.