'कापणे' कोणाच्या वाट्याला?

जालना जिल्ह्यातील एका शाळेत मी मराठी शिकवतो. 'चळचळा कापणे' हा वाक्प्रचार वाक्यात वापरा म्हटले की वहीमागून वहीत एकच वाक्य येते : मालकाला पाहताच गडी चळचळा कापू लागला. यंदा एका मुलीने विचारले, "सर, दर वेळी गडीच का?" या प्रश्नाचे उत्तर व्याकरणात पुरते सापडत नाही, म्हणून हे टिपण.

मराठीत 'कापणे' दोन आहेत. एक अंगाला कंप सुटण्याचे, दुसरे विळ्याने कापण्याचे. जुन्या लेखनात पहिल्यावर अनुस्वार असे, 'कांपणे'. १९६२ च्या लेखननियमांनी तो गेला आणि कागदावर दोन्ही एक झाली. फरक उरला तो प्रयोगाचा : 'तो कापला' आणि 'त्याने कापले'. पहिल्यात माणसाला काही होते. दुसऱ्यात माणूस काही करतो. ज्या हातांनी ज्वारी सोंगली, त्या हातांच्या माणसाला आमच्या पाठांनी पहिल्याच वाक्यात बसवले.

भरताच्या नाट्यशास्त्राने कंपाची कारणे मोजताना थंडी, भय, हर्ष, रोष, स्पर्श आणि वार्धक्य अशी सहा सांगितली. प्रस्थापित ग्रामीण कथेत रोष बहुधा पाटलाला मिळाला. तो रागाने थरथरतो. गडी थंडीने कुडकुडतो, नाही तर भीतीने लटलटतो. कंप एकच, पण त्याचा अर्थ जातीने ठरवला.

बाबुराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा संग्रह १९६३ चा, दया पवारांचे 'बलुतं' १९७८ चे. अशा पुस्तकांना समीक्षकांनी 'हादरवून टाकणारे' म्हटले. मला ही स्तुती अपुरी वाटते. हादरलेला वाचक सावरून पुन्हा त्याच खुर्चीत बसतो. पुस्तकाने काय मांडले, हा प्रश्न मागेच राहतो.

२७ जुलै १९७८ रोजी विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यात दलित वस्त्या पेटवल्या गेल्या. त्या रात्री लेकरे पोटाशी धरून जी माणसे कापली, त्यांना भित्रे म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही. त्या माणसांनी मागणी सोडली नाही. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. कापणे म्हणजे माघार नव्हे, हा अर्थ कोशात हवा.

तोवर शिक्षकांनी एवढे करावे : गडी वाक्यातून काढू नये, त्याला दुसरे क्रियापदही द्यावे.