म्हाइंभटांनी मागे ठेवलेला माणूस

म्हाइंभटांचं ‘लीळाचरित्र’ तेराव्या शतकात आपल्या मोर्शी तालुक्यातल्या रिद्धपुरात लिहून झालं. मराठीतला आद्य चरित्रग्रंथ म्हणून त्याचा मान मोठा. मला मात्र तो आधी विरहाचा ग्रंथ वाटतो. महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी गेले आणि नागदेवाचार्य, महदाइसा अशी पोरकी झालेली शिष्यमंडळी रिद्धपुराला स्वामींचे गुरू गोविंदप्रभू यांच्या पायाशी आली. नागदेवाचार्य एकांतात स्वामींच्या लीळा आठवत बसत. ते पाहून म्हाइंभटांनी विचारपूस केली आणि आठवणी गोळा करण्याचं काम अंगावर घेतलं.

चक्रधरस्वामी हा माणूसही आठवणीत राहावा असाच होता. भडोचच्या प्रधानाचा मुलगा, एके काळी जुगारात रमलेला. रामटेकची यात्रा म्हणून निघाला, वाटेत रिद्धपुरात गोविंदप्रभू भेटले आणि पुढे घर कायमचं सुटलं. मग एकट्याने रानंवनं, डोंगर, परमुलूख. ग्रंथातला या भटकंतीचा भाग म्हणजे ‘एकांक’. तेव्हा सोबत कोणी नव्हतं. जे कळलं ते स्वामींनी पुढे शिष्यांना बोलता बोलता सांगितलं तेवढंच. म्हणून इथलं गद्य झपाझप चालतं, मधल्या वाटा गाळून थेट प्रसंगावर येतं.

सशाचीच लीळा घ्या. स्वामी झाडाखाली बसलेत. पारध्यांच्या कुत्र्यांपुढे जीव घेऊन पळणारा ससा येतो आणि त्यांच्या गुडघ्याखाली दडतो. पारधी ससा मागतात. शरण आलेल्याला कसा देऊ, एवढंच स्वामींचं म्हणणं. पारध्यांचं मन पालटतं. मग स्वामी गुडघा उचलतात आणि घरी आलेल्या पाहुण्याला निरोप द्यावा तसं सशाला जा म्हणतात. चमत्कार नाही, वर्णनाचा फुलोराही नाही. सगळी करुणा त्या उचललेल्या गुडघ्यात आहे, आणि म्हाइंभट तिथेच थांबतात. ही थांबण्याची जाण मला त्यांच्या भाषेइतकीच मोलाची वाटते.

‘पूर्वार्ध’-‘उत्तरार्धा’त गद्याची चाल बदलते, कारण आता पाहणारे डोळे आहेत. पूजा, आरोगणा (जेवण), पहुड (झोप) पुन्हा पुन्हा येतात. स्वामी कुठे बसले, काय जेवले, कोणाशी काय बोलले, महदाइसेच्या न संपणाऱ्या प्रश्नांना कशी उत्तरं दिली, सगळं येतं. काही अभ्यासकांना ही पुनरुक्ती कंटाळवाणी वाटते. मला ती ग्रंथाचा गाभा वाटते. गेलेल्या माणसाचं तत्त्वज्ञान चार ओळींत सांगता येतं, त्याचं जेवणखाण आठवायला त्याच्याजवळ राहिलेलं माणूसच लागतं.

एकाच प्रसंगाच्या दोन आठवणी जुळल्या नाहीत, तर ग्रंथात दोन्ही राहतात, कोणाची कोणती हे सांगून. पुढे धामधुमीत मूळ प्रत हरवली आणि पंथातल्या हिराइसांच्या पाठांतरातून ग्रंथ पुन्हा उभा राहिला, असं पंथाची परंपरा मानते. आता रिद्धपुरात मराठी भाषा विद्यापीठ आलं आहे. तिथल्या मुलांनी स्वामींचे दृष्टान्त तर शिकावेतच, पण आरोगणेची पानं घाईने उलटू नयेत.