डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग

रागाला घाई सोसत नाही, असे आपण पुणेकर मोठ्या ठामपणाने सांगत आलो आहो. १९५३ साली भीमसेन जोशींनी गुरूंच्या स्मरणार्थ सवाई गंधर्व महोत्सव सुरू केला, तेव्हापासून थंडीत शाल गुंडाळून एकेका स्वराची वाट पाहत बसण्याची आपल्याला सवयच जडली. अशा माणसाच्या हाती एखादी ध्वनिमुद्रिका पडावी, तीवर ललित, तोडी, यमन, मालकंस अशी घरंदाज नावे असावीत, आणि सुई टेकून क्षणभर झाला न झाला तोच यंत्राचा धाडधाड ठोका सुरू व्हावा! निम्मे लोक तेथेच सुई उचलतील. मीही प्रथम उचलली होती.

ही ध्वनिमुद्रिका चरणजित सिंग यांची. ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’ असे तिचे लांबलचक नाव. १९८२ साली हिज मास्टर्स व्हॉइसच्या शिक्क्यानिशी ती निघाली आणि कोणाच्या फारशी लक्षात न येता नाहीशी झाली. चरणजित सिंग हे मुंबईच्या चित्रपटसंगीतातले वादक. शंकर-जयकिशन, राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यमेळात ते गिटार आणि सुरांची यंत्रे वाजवीत. अशा वादकांचे नाव पडद्यावर येत नसे. वाजवलेले मात्र घरोघर पोहोचे. ‘कुर्बानी’नंतर चित्रपटांत डिस्कोचा सुळसुळाट झाला होता. तोच ठेका घ्यावा, तबला अजिबात बंद ठेवावा आणि वर राग वाजवावेत, एवढीच त्यांची कल्पना.

त्यासाठी त्यांनी तीन जपानी यंत्रे वापरली, तिन्ही रोलंड कंपनीची. ज्युपिटर-८ हे स्वरपट्टीचे यंत्र, टीआर-८०८ हे तालाचे, आणि टीबी-३०३ ही खर्जाची एक लहानशी पेटी. ह्या तिसऱ्या पेटीची गंमत अशी की एकट्याने सराव करणाऱ्या गिटारवाल्याला खर्जाची साथ मिळावी म्हणून ती बनवली गेली आणि त्या कामी ती साफ नापास झाली. तीत स्वर आधी भरून ठेवावयाचे. मग ती तोच घास पुन्हा पुन्हा चघळीत राहते. चघळताना एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरते, आणि बटण पिळले की तिचा आवाज कधी दबका, कधी किरकिरा होतो. कंपनीने तिचे उत्पादन थांबवले. पुढे शिकागोतल्या काही तरुणांच्या हाती ती स्वस्तात आली आणि त्यांनी नेमक्या त्या किरकिऱ्या आवाजातून नाचाचे एक नवे संगीत उभे केले. त्याला ॲसिड हाउस म्हणतात. त्याची पहिली गाजलेली तबकडी १९८७ सालची.

आता वाचकांच्या ध्यानात आले असेल. एदो बाउमन नावाच्या डच संग्राहकाला सिंगांची जुनी तबकडी दिल्लीत मिळाली. त्यांनी मुंबईत येऊन सिंगांना गाठले आणि २०१० मध्ये आपल्या ‘बॉम्बे कनेक्शन’तर्फे ती पुन्हा प्रसिद्ध केली. युरोपात एकच गलका झाला. शिकागोच्या पाच वर्षे आधी मुंबईत हे कोणी केले? कित्येकांना तर ही कोणा गोऱ्या वादकाने केलेली थट्टाच वाटली. सत्तरी गाठलेल्या सिंगांना परदेशांतून बोलावणी आली, तरुणांच्या घोळक्यांपुढे त्यांनी तेच राग वाजवले. २०१५ च्या जुलैत मुंबईत त्यांचे निधन झाले. (मुंबईच्याच ‘ॲटॉमिक फॉरेस्ट’ ह्या वाद्यवृंदाची कथा अशीच आहे. त्यांची १९८१ ची तबकडी २०११ मध्ये अमेरिकेतून पुन्हा निघाली. आपला माळा झाडावयास नेहमी परका का लागतो, कोण जाणे.)

पुनर्मुद्रणाचे उपकार मानूनही एक तक्रार नोंदवल्यावाचून राहवत नाही. ‘पहिला’ ह्या एका शब्दावर सारे कौतुक उभे राहिले. सिंगांनी ॲसिड हाउस शोधले नाही. शिकागोच्या मुलांनी ही तबकडी ऐकून काही केले, असेही नाही. दोघांच्या हाती एक यंत्र आले, एवढाच संबंध. मात्र ह्या शर्यतीच्या गडबडीत सिंगांनी स्वतः तबकडीवर छापलेला प्रश्न कोणी विचारलाच नाही : हे राग आहेत का?

तो आपण विचारावयास हवा. वेळ थोडा, हा आक्षेप मी प्रथमच बाजूस सारतो. अब्दुल करीम खाँसाहेबांनी तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकडीत राग उभा केला, आणि त्या तबकड्या आपण अजून जपतो. यंत्राचे स्वर बांधीव, हा आक्षेप अधिक वजनदार. पण तो आपण पेटीवरही घेतला होता. १९४० मध्ये आकाशवाणीने पेटीला हद्दपार केले आणि सुमारे तीस वर्षे ती बाहेर ठेवली. तेवढ्या काळात महाराष्ट्रातल्या एकाही गवयाने घरातली पेटी फेकून दिली नाही.

खरी अडचण तालाची आहे. आपल्या ठेक्यात भरी असते तशी खाली असते. खालीमुळेच समेची ओढ लागते. इथे चार ठोके, चारही सारख्या वजनाचे. सगळी भरीच भरी. सम कोठे, हा प्रश्नच उरत नाही, म्हणून समेवर येण्याचा आनंदही उरत नाही. दहाही राग जवळजवळ एकाच चालीने धावतात, ललितही आणि मेघमल्हारही. वेळेचे भान तर नाहीच : पहाटेच्या ललितानंतर रात्रीचा भूपाली, आणि भूपालीची पाठ वळते न वळते तोच सकाळची तोडी हजर!

तोडी मला मुळीच पटली नाही. तोडीचा गंधार जेथे राहतो ती जागा दोन पट्ट्यांच्या मधे कोठेतरी आहे. यंत्र तिच्या दारावरून जाते, आत जात नाही. ललितातले दोन मध्यम शेजारशेजारच्या पट्ट्यांवर नुसते उभे आहेत, एकमेकांत विरघळत नाहीत.

पण मालकंस! पाच स्वरांचा हा राग लागताच तबकडीचा नूर पालटतो. खालची खर्जाची पेटी रागाचेच स्वर घोळवीत राहते, कथकाच्या साथीला लेहरा धरावा तशी, आणि वर सिंगांची बोटे मोकळी सुटतात. ज्युपिटरवर ते एका स्वरातून दुसऱ्यात असे ओढत नेतात की मिंडेचा भास व्हावा. तो भासच आहे, पण रागाचा वळसा ठाऊक असलेल्या माणसाने केलेला. कलावतीत तर मला प्रभाताई अत्रे यांची मारुबिहाग-कलावतीची ध्वनिमुद्रिका आठवली. तुलना करण्यासाठी नव्हे, ती अन्यायाची होईल. पण रिषभ-मध्यम वगळल्याने कलावतीत जी मोकळी जागा पडते, ती प्रभाताई स्वराने भरतात आणि सिंग ती ठोक्यावर सोडून देतात. दोघांनाही ती दिसली आहे, एवढे खरे. केवळ चाल म्हणून राग उचलणाऱ्याला ती दिसत नाही.

गेल्या महिन्यात घरी ही तबकडी नाव न सांगता लावून पाहिली. आमच्या आतेकडे जुन्या गाण्याचा कान आहे. तोडी सुरू असताना त्या निमूटपणे करंज्यांचे सारण ढवळीत होत्या. कलावती लागली तेव्हा धाकटा नातू खोलीच्या मधोमध नाचू लागला आणि आते त्याला दटावण्यासाठी वळल्या, तो हात तसाच थांबला. “अरे, ही कलावती की!” म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, “तबलजी कोठे गेला ह्यांचा?”

फराळाच्या वेळी लावणार असाल तर पहिल्यापासून लावू नका. मेघमल्हारापासून सुरुवात करा. यमन, कलावती, मालकंस, बैरागी असा क्रम आपोआप येतो. तोडी मागाहून ऐकावी, घरातले वडीलधारे झोपल्यावर.