लाल काडी म्हणजे क्षयच का?

शाळेतल्या तक्त्यावर क्षयाचा जंतू लाल काडीसारखा दाखवतात. झील-नील्सन पद्धतीने बेडका रंगवला की निळ्या पार्श्वभूमीवर अशा काड्या दिसतात, हे खरे. पण आम्लानेही न धुतला जाणारा हा रंग क्षयजंतूचे भाऊबंदही धरून ठेवतात, कारण त्यांचेही आवरण मेणचट असते. हे क्षयेतर मायकोबॅक्टेरिया मातीत, पाण्यात, नळांच्या आतल्या बुळबुळीत थरात राहतात.

समजा, वाशिमच्या एखाद्या रुग्णालयात बेडक्यात काड्या दिसल्या, पण क्षयजंतूचा जनुक शोधणारी चाचणी पुन्हा करूनही नकारात्मक आली. दोन चाचण्यांत हे भांडण नव्हे. पहिली जंतूचे कुळ सांगते, दुसरी त्यातला एकच सदस्य शोधते. अशा वेळी जंतू वाढवून त्याची जात ओळखायला हवी.

फुफ्फुसाच्या अशा आजारासाठी अमेरिकी व युरोपीय वैद्यक संस्थांनी २०२० साली एकत्रित निकष दिले. लक्षणे हवीत, क्ष-किरण किंवा सीटी चित्रात खुणा हव्यात आणि बेडक्याच्या दोन वेगळ्या नमुन्यांत एकाच जातीचा जंतू वाढायला हवा. शिवाय इतर रोग वगळलेले हवेत. दोन नमुन्यांची अट आम्हाला रास्त वाटते. पाण्यातला जंतू एखाद्या नमुन्यात सहज शिरतो. पुन्हा तोच सापडला तर योगायोगाची शक्यता घटते.

मात्र श्वासनलिका धुऊन घेतलेला एकच नमुना पुरतो, ही सवलत आम्हाला खटकते. दुर्बीण नळाच्या पाण्याने धुतली असेल, तर त्यातले जंतू रुग्णाच्या नावावर जमा होतात. असे फसवे उद्रेक अनेक ठिकाणी नोंदले गेले आहेत. शिवाय हे निकष फुफ्फुसापुरतेच आहेत. इंजेक्शनच्या जागी झालेले गळू किंवा शस्त्रक्रियेनंतर महिनोन्‌महिने न भरणारी जखम यांचा विचार वेगळाच करावा लागतो.

चूक दोन्हीकडे महाग पडते. मायकोबॅक्टेरियम ॲब्सेसस क्षयाच्या नेहमीच्या औषधांना दाद देत नाही. रुग्ण औषधे गिळत राहतो आणि त्याच्यावर ‘औषधांना न जुमानणारा क्षय’ असा शिक्का बसू शकतो. उलट, जगात सर्वाधिक क्षयरुग्ण असलेल्या आपल्या देशात खरा क्षय नजरेआड झाला, तर तो घरादारात पसरतो.

तेव्हा वर्गात तक्ता लावाल, तेव्हा एवढे जरूर विचारा: ही काडी काय सांगते आणि काय सांगत नाही?