काच विरते, हाड भरतं

धुळे–सोलापूर महामार्गावरच्या चौसाळ्यात ‘सळी टाकली’, ‘प्लेट बसवली’, ‘हाड जुळेना म्हणून कमरेचं काढून भरलं’ ही भाषा कुणाला समजावून सांगावी लागत नाही. त्यातलं शेवटचं वाक्य फार दुखरं आहे. एक पोकळी भरण्यासाठी त्याच शरीरावर दुसरी जखम करायची! ती टळावी म्हणून माणसानं जे जे घडवलं, त्यात मला सर्वांत देखणी वाटते ती जैवसक्रिय काच.

तिचे कर्ते फ्लोरिडा विद्यापीठातले लॅरी हेंच. १९६७ साली बसमध्ये शेजारी बसलेल्या, व्हिएतनामहून परतलेल्या एका कर्नलनं त्यांना विचारलं, की शरीर परकं मानणार नाही असा पदार्थ तुम्हांला करता येईल का? १९६९ साली त्याचं उत्तर मिळालं: ४५एस५. उंदरांच्या मांडीच्या हाडात बसवलेली ही काच सहा आठवड्यांनी ओढूनही निघेना, इतकं हाड तिला धरून बसलं होतं.

तिची घडण मोजक्या घटकांची. वजनानं ४५ टक्के सिलिका, सोडियम आणि कॅल्शियमची ऑक्साइडं प्रत्येकी २४.५ टक्के, फॉस्फरसचं ६ टक्के. खिडकीच्या काचेत सिलिका ७० टक्क्यांच्या आसपास असते, म्हणून ती पावसापाण्याला दाद देत नाही. इथं सिलिका कमी, त्यामुळे वीण सैल. एरवी काचेत जो दोष मानला जाईल, तोच इथला अलंकार.

शरीरातल्या द्रवाचा स्पर्श होताच सोडियम बाहेर पडू लागतो. पृष्ठभागाची वीण उसवते आणि तिथं सिलिकाचा जेलसारखा थर धरतो. त्यावर कॅल्शियम आणि फॉस्फेट जमतात, हळूहळू त्यांचे स्फटिक होतात, आणि हे स्फटिक हाडातल्या खनिजाच्याच जातीचे असतात. कोलॅजनचे धागे त्यात गुंततात, पेशी येऊन चिकटतात. स्लॅब पक्का झाला की गवंडी सेंट्रिंग खोलतो. ही काच म्हणजे हाड घडता घडता आपणहून उतरणारं सेंट्रिंग.

पण तिचा खरा गाभा पुढंच उलगडला. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात हेंच आणि जुलिया पोलाक यांच्या गटानं २०००–२००१ च्या सुमारास काच पेशींजवळ नेलीच नाही. ज्यांच्यात काच थोडी विरली होती, ती द्रावणं तेवढी हाड घडवणाऱ्या मानवी पेशींना दिली. पेशींची वाढ झपाट्यानं झाली, वाढीला चालना देणारी जनुकं जागी झाली. म्हणजे काच नुसती जागा देत नाही. विरताना सुटलेले सिलिकॉन-कॅल्शियमचे आयन पेशींना कामाला लावतात. मात्रा मात्र सांभाळावी लागते. फार वेगानं विरली, तर भोवतालचा अल्कधर्मीपणा पेशींनाच बाधतो. फिनलंडमधल्या एस५३पी४ या तिच्या भावंडानं हाच गुण हाडातल्या पुवाविरुद्ध उपयोगात आणला, कारण त्या वातावरणात जंतूही तग धरत नाहीत.

उणीव आहे, आणि ती मोठी आहे. काच ठिसूळ. मांडीच्या हाडाचा भार ती पेलणार नाही. ते काम सळीचं आणि प्लेटचंच. म्हणून ती दाण्यांच्या किंवा लगद्याच्या रूपात पोकळीत भरली जाते, हिरडीखालचं झिजलेलं हाड भरायला दंतवैद्यही ती वापरतात. तिला सळीच्या मापानं जोखणं अन्यायाचं होईल. शरीरात काही बसवताना ‘किती वर्षं टिकेल?’ एवढंच आपण विचारत आलो. ‘ते कसं संपेल, आणि संपताना काय देऊन जाईल?’ हा प्रश्नही तितकाच मोलाचा आहे, हे या काचेनं शिकवलं. तिची थोरवी मला त्यात दिसते.